गुरुजींचा नळ

"अव्वा, ह्या उन्हाळ्यात मी तीन पोरांना असं तयार करते, की पुण्याच्या कंपन्या त्यांच्या दारात रांग लावतील!" मंजुश्रीनं जाहीर केलं.

अव्वा म्हणजे तिची आई, नीलम्मा. ती सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुणाच्या दारात?"

"पोरांच्या."

"तिथं हाय की आधीच रांग. नळाची."

लातुरात कुठलंही बोलणं शेवटी नळाशी येऊन थांबतं, आणि मंजुश्रीच्या घरात तर ते नळापासूनच सुरू होत असे. त्याला कारण तिचे अप्पा. राजशेखर गुरुजींनी जन्मभर चाकूरच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त होऊन लातुरात राहायला आले आणि पाहतात तो काय, इथं अख्खी गल्ली नळाकडं तोंड करून बसलेली! पाणी चार-सहा दिवसांनी यायचं आणि वेळेचा पत्ता नसायचा. बायका लग्नाला जायच्या नाहीत, पुरुष दाढीला जायचे नाहीत, कारण 'आपण गेलो अन् पाणी आलं तर?' उत्तर नसलेलं गणित गुरुजींना जन्मात सहन झालं नव्हतं. त्यांनी पुण्याच्या नोकरीत असलेल्या मुलीला फोनवर विचारून विचारून कॉम्प्युटर शिकून घेतला आणि एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'नळ'.

काम साधंच. गल्लीत ज्याला पाणी आधी दिसेल त्यानं फोनवरचं बटण दाबायचं. लगेच गल्लीतल्या प्रत्येक घरातला फोन गुरुजींच्या आवाजात बोलायचा, "नळाला पाणी आलंय. भांडी घ्या. सगळ्यांना पुरेल, भांडू नका." गुरुजींनी प्रोग्रॅम सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा आणि सुधारलेलं परत द्यावं. चाकूरनं घेतला, पार तिकडं देगलूरनं घेतला.

मागच्या थंडीत गुरुजी गेले. नळ मात्र येत राहिला, आणि त्याच्याबरोबर त्यांचा आवाजही. ते गेल्यानंतर पहिल्यांदा पाणी आलं, तेव्हा घराघरातून ते बोलले. गल्लीच्या तोंडाशी राहणारी लक्ष्मम्मा पदर डोळ्याला लावून रडली आणि मग तिनं दोन टिपाडं भरली.

मंजुश्री पुणं सोडून आईजवळ येऊन राहिली होती. कंपनीचं काम घरूनच करायची. अप्पांच्या मागं प्रोग्रॅमही तीच सांभाळायची. पण स्वतःच्या फोनवर तिनं 'नळ'चा आवाज बंद करून टाकला होता, आणि प्रोग्रॅममधलं 'आवाज' नावाचं फोल्डर ती कधी उघडत नसे. वेळ मिळत नाही, असं ती म्हणायची.

असे उघडे, फुकट प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांचा एक समुदाय आहे. सुट्टीत ही मंडळी कॉलेजच्या पोरांना हाताखाली घेतात आणि खऱ्या कामावर शिकवतात. मंजुश्रीनं हौसेनं नाव दिलं. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली तीन मुलं तिच्या वाट्याला आली. वीरेश हा मूळचा देगलूरचा. यज्ञेश आणि सृष्टी नांदेडचे.

पहिल्याच भेटीत तिनं पडद्यावरून तिघांना सांगितलं, "काहीही जोडा, मोडा, मला चालेल. एकच सांगते. 'आवाज' फोल्डरमध्ये अप्पांचं एक वाक्य आहे. त्यांचा तेवढाच आवाज माझ्याकडे उरलाय. तो हरवता कामा नये."

"हाव मॅडम!" तिघं एका सुरात म्हणाले.

पहिल्या आठवड्यात तिघांनी आपापलं पहिलं काम मंजुरीला पाठवलं. प्रोग्रॅमची ओळख करून देणाऱ्या पानावर तळाशी मदत करणाऱ्यांची नावं होती. तिघांनी तिथं आपलं नाव घातलं होतं. बस, एवढंच! वीरेशनं तर नावापुढं गाव, तालुका, जिल्हा. यज्ञेशनं काकांचंही नाव घातलं होतं.

"काकांनी काय मदत केली?" मंजुश्रीनं विचारलं.

"लॅपटॉप त्यांचा आहे, मॅडम."

लग्नात जेवणं चालू असताना माइकवरून आहेर पुकारतात ना, 'उदगीरकर मामांकडून नवरीला स्टीलची कळशी!' तसं ते पान दिसायला लागलं होतं. फरक इतकाच, की इथं कळशी कुणीच आणली नव्हती. मंजुश्रीनं शांतपणे लिहिलं, "आधी काम, मग नाव. आणि काही करायच्या आधी मला विचारत चला."

"हाव मॅडम."

आणि ते विचारायला लागले.

"मॅडम, गुड मॉर्निंग. विचारू का?"

"विचार."

"इथं एक रिकामी ओळ हाय. काढू का?"

"काढ."

"मॅडम, विचारू का?"

"अरे, विचार ना!"

"ती ओळ परत टाकू का? होती तेव्हा बरी दिसत होती."

कंपनीची मीटिंग चालू असताना, भाकरीचा पहिला घास मोडताना, दारात भाजीवाला उभा असताना फोन वाजायचा. एकदा नुसतंच आलं, "मॅडम, जेवलात का?"

"हे पण विचारायचं होतं का, वीरेश?"

"न्हाई मॅडम. हे आपलं असंच."

शेवटी तिनं तिघांना एकत्र बोलावलं. "हे बघा, सारखं मला विचारू नका. धीट व्हा! जे चुकीचं दिसेल ते स्वतः दुरुस्त करा. आपापसात बोला, ठरवा आणि शेवटी एकदाच मला दाखवा."

"हाव मॅडम!"

फोन शांत झाला. दिवसभर शांत राहिला. "अव्वा, बघितलंस?" मंजुश्री म्हणाली, "शिकवण्याची एक पद्धत असते."

"तुझे अप्पा पण पोरं गप बसली की असंच म्हणायचे," अव्वा म्हणाली. "अन् मग बघायला जायचे, का गप बसलीत ते."

मंजुश्री बघायला गेली नाही.

इकडं धीट झालेल्या मुलांनी चुकीचं काय दिसतंय ते शोधायला सुरुवात केली, आणि 'आवाज' फोल्डर उघडताच वीरेशला ते दिसलं. ज्यात गुरुजींचं वाक्य होतं, त्या फाईलचं नाव होतं 'राजशेखर'. पुढं काही नाही, मागं काही नाही.

त्यानं चर्चेच्या पानावर लिहिलं, "सरांचं नाव असं एकेरी? आमच्या घरी आजोबांच्या काठीला पण 'काठी आल्या' म्हणतात!"

यज्ञेशनं लिहिलं, "खरंच रे, बरं दिसत नाही. शिवाय सर आता नाहीत. 'कैलासवासी' पाहिजे."

"मॅडमच्या घरी 'लिंगैक्य' म्हणत असतील," वीरेशनं लिहिलं. "आमच्यात तसंच म्हणतात."

"अर्थ एकच आहे ना?"

"मग लिंगैक्यच लाव की!"

"अर्थ एकच आहे तर कैलासवासी लावायला काय झालं?"

"अरे, भांडता काय?" सृष्टी मध्ये पडली. "आधी 'आदरणीय' तर लावा दोघं!"

'आदरणीय'वर एकमत झालं. मग 'सर' का 'गुरुजी' यावर चर्चा झाली. गल्लीतले लोक गुरुजी म्हणतात, म्हणून गुरुजी. मग पुन्हा गाडी कैलासवासी आणि लिंगैक्य यांच्यापाशी येऊन अडली. चर्चा वाढत गेली. त्यात देगलूरच्या एका पत्रिकेचा फोटो आला, नांदेडच्या एका श्रद्धांजलीच्या फलकाचा फोटो आला. शेवटी सृष्टीनं कंटाळून विचारलं, "ठरलं ना मग?"

"ठरलं," वीरेशनं लिहिलं.

"ठरलं," यज्ञेशनं लिहिलं.

काय ठरलं, ते कुणीच लिहिलं नाही. वीरेशनं फाईलचं नाव बदलून 'आदरणीय लिंगैक्य राजशेखर गुरुजी' केलं. ती फाईल शोधून वाजवणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये दुसरीकडं होती. यज्ञेशनं तिथं लिहिलं, 'आदरणीय कैलासवासी राजशेखर गुरुजी'. आणि दोघांनी आपापलं काम मंजुरीला पाठवलं.

रविवारची सकाळ होती. मंजुश्रीनं पाहिलं तर चर्चा मैलभर लांब. विषय लिहिला होता, 'आदर'. तिला भरून आलं. कालपर्यंत रिकाम्या ओळीसाठी परवानगी मागणारी पोरं आज एकमेकांशी आदरानं चर्चा करून राहिली! एवढं सगळं वाचणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं होतं. तिनं दोन्ही कामांवर "उत्तम! मंजूर." असं लिहिलं आणि टाळ्यांचं चित्र टाकलं.

मांडवाच्या दारात पाहुणा उभा आहे आणि माइकवरून त्याला दुसऱ्याच नावानं हाका मारल्या जाताहेत, अशी आता 'नळ'ची अवस्था होती. तो ज्या गुरुजींना शोधत होता, ते फोल्डरमध्ये नव्हते. फोल्डरमध्ये जे होते, त्यांना कुणी शोधत नव्हतं.

गणिताच्या माणसानं याचीही सोय करून ठेवली होती. प्रोग्रॅममध्ये त्यांनी एक ओळ लिहिली होती, की हवी ती फाईल सापडली नाही तर फोल्डरमधली सगळ्यांत जुनी लाव. पण लोकांना पाणी आल्याचं कळू दे. सगळ्यांत जुनी फाईल कोणती आणि तिच्यात काय आहे, हे त्या फोल्डरकडं न फिरकलेल्या मंजुश्रीला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मंगळवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी लक्ष्मम्माच्या नळाच्या खड्ड्यात गुरगुर झाली. तिचं घर उताराला, त्यामुळं पाणी आधी तिच्याकडं यायचं. तिनं बटण दाबलं.

मंजुश्री पुण्याच्या मीटिंगमध्ये होती. स्वयंपाकघरात अव्वाचा फोन, नेहमीप्रमाणं सगळ्यांत मोठ्या आवाजात, बोलला.

"हां. हिरवा दिवा लागला. नळाला पाणी आलंय."

अव्वा कळशी उचलून निघालीच होती. पण फोन थांबला नाही. त्यातून एक बाई ओरडली, "आलंय? आता गं बया! अहो, आधी सांगायचं न्हाई का!" पाठोपाठ भांडं आपटल्याचा मोठा आवाज.

"अगं न्हाई आलं, नीलम्मा! मी नुसतं बोलून बघून राहिलो."

"मग कशाला बोलता!"

"मंजी म्हणली, आधी बोलून बघा."

"मंजी बसलीय तिकडं पुण्यात अन् इथं माझा गुडघा फुटला!"

फोनमध्ये गुरुजी हसले. हसत हसतच म्हणाले, "लागलं का गं? बघू. बघू दे... हे बंद कसं करायचं असतं?" आणि आवाज थांबला.

अव्वा कळशी घेऊन दारातच उभी होती. "मंजे," ती म्हणाली, "हे मी कधी बोलले?"

एवढे महिने जो आवाज मंजुश्रीनं स्वतःच्या फोनवर बंद ठेवला होता, तो हसताना ऐकू आला होता. कॉम्प्युटरमधून पुण्याचे साहेब विचारत होते, "मंजुश्री, तुमच्याकडे पाणी आलंय का?"

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

बाहेर गल्लीत तर कुणालाच माहीत नव्हतं. अर्धी गल्ली घागरी घेऊन दारात, अर्धी दारातून परत घरात.

"आलं का हो?"

"आलं म्हणले की गुरुजी."

"न्हाई आलं, असं पण म्हणले."

"मग खरं कोणतं?"

"शेवटचं खरं. गुरुजी शेवटी चूक सुधारायचे. मी चाकूरला त्यांच्या वर्गात होतो."

खालून लक्ष्मम्मा ओरडली, "अहो आलंय! मी डोळ्यानं बघून राहिले!"

"लक्ष्मम्मा, तू गप. गुरुजी न्हाई म्हणले."

लक्ष्मम्मानं आपलं म्हणणं पटवायला पुन्हा बटण दाबलं. घराघरातून गुरुजींनी पुन्हा सांगितलं, "अगं न्हाई आलं!" तिनं चिडून तिसऱ्यांदा दाबलं. गुरुजी आपल्या शब्दावर ठाम होते. तिसऱ्या वेळेला तर पोरं "मग कशाला बोलता!" एका सुरात म्हणायला लागली.

मंजुश्रीनं मीटिंग सोडली आणि पहिल्यांदा 'आवाज' फोल्डर उघडलं. आत दोन फाईली होत्या. एक, 'आदरणीय लिंगैक्य राजशेखर गुरुजी'. दुसरी, 'चाचणी'. तिला सगळं कळलं. तिनं वीरेशला फोन लावला.

"वीरेश, तू अप्पांच्या फाईलचं नाव बदललंस?"

"हाव मॅडम. एकेरी होतं." मग जरा दबून, "मॅडम, देगलूरला पण सकाळी असंच झालं. शेजारच्या नरसम्मा अजून विचारून राहिल्यात, नीळ्ळु वच्चाया? पाणी आलं का, म्हणून."

"सकाळी? मग मला सांगितलं का नाहीस!"

"तुम्हीच म्हणलात की मॅडम. सारखं विचारू नका."

मंजुश्रीनं फोन ठेवला. ती उतारावरून खाली धावत गेली, लक्ष्मम्माचा नळ स्वतः पाहिला आणि गल्लीभर ओरडत परत आली, "आलंय! खरंच आलंय! मोटरी लावा!" लोकांनी मोटरी लावल्या. नळानं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि तो गप झाला. पाणी गेलं होतं.

गल्लीत पाणी भरलं फक्त लक्ष्मम्मानं. टिपाडं, बादल्या, कुकर, कुकरची झाकणंसुद्धा! संध्याकाळी तिनं घरोघरी एकेक घागर पोचवली. मंजुश्रीच्या दारात ठेवताना म्हणाली, "घे गं बाई. आता गुरुजी न्हाई म्हणले तरी हे पाणीच हाय."

रात्रीच्या स्वयंपाकाआधी मंजुश्रीनं तिघांना पडद्यावर बोलावलं. तिघांच्या माना खाली.

"मॅडम, आम्हाला काढणार का?" यज्ञेशनं विचारलं.

"काढायचं तर आधी मला काढावं लागेल. न वाचता मंजूर मी केलं." मग ती म्हणाली, "फाईलचं नाव पहिल्यासारखं करा. नुसतं 'राजशेखर'."

"एकेरी?" वीरेशला ते अजूनही जड जात होतं.

"ते नाव त्यांनी स्वतःच ठेवलंय रे. स्वतःला कोणी अहो-जाहो करतं का?"

हे तिघांना पटलं. सृष्टीनं हळूच विचारलं, "आणि मॅडम, ती दुसरी? 'चाचणी'? पुन्हा घोळ नको म्हणून काढून टाकू का?"

मंजुश्री उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून अव्वाचा चेहरा पडद्यात शिरला.

"कोण हाय गं ती? खबरदार माझा आवाज काढशील तर!"

"नाही आजी!" सृष्टी गडबडून म्हणाली. "पण लोकांना कळत नाही ना, पाणी आलंय का नाही."

"न कळायला काय झालं? पाणी आलं की त्यांचं ते शहाण्यासारखं बोललेलं लावा. अन् पाणी गेलं की हे लावा. म्हणतातच की त्यात, न्हाई आलं म्हणून."

पडद्यावर तिघांच्या माना वर आल्या. मग सृष्टी म्हणाली, "मॅडम, पाणी गेल्याचं सांगायची सोय आपल्याकडं नाहीच ना!"

खरंच नव्हती. पाणी गेलं तरी लोक कोरड्या नळाला मोटर लावून बसायचे. गुरुजींच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पोरांनी ते काम मनापासून केलं. एकमेकांना विचारलं, काय ठरलं ते लिहून ठेवलं आणि मंजुश्रीनं एकेक ओळ वाचून मग मंजूर केलं. तिघांची नावं पानाच्या तळाशी लागली, या वेळी कळशीसकट. सगळ्यांत वर वीरेशनं आणखी एक नाव लिहिलं होतं, 'आदरणीय नीलम्मा अव्वा'. ते मंजुश्रीनं तसंच राहू दिलं. स्वतःच्या फोनवरचा 'नळ'चा आवाजही तिनं सुरू केला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सृष्टीचा संदेश आला.

"मॅडम, गुड आफ्टरनून. विचारू का?"

"विचार."

"तुमच्या गल्लीत आज पाणी आलेलंच नाही. पण 'पाणी गेलं'चं बटण सकाळपासून कोणीतरी सारखं दाबून राहिलंय. कोणाची तक्रार नाही, पण बिघाड असेल. बंद करू का?"

मंजुश्रीनं स्वयंपाकघराकडं कान दिला. आतून, आणि जरा मागंपुढं गल्लीतल्या घराघरातून, अप्पा म्हणत होते, "लागलं का गं? बघू. बघू दे..."

"न्हाई हो," अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली. "आता बरं हाय."

मंजुश्रीनं उत्तर लिहिलं.

"राहू दे. टेस्टिंग चालू आहे."

आणि ज्या फोनवरून सकाळपासून तिनंही ते बटण दाबलं होतं, तो हळूच पालथा घालून ठेवला.